अर्बन डिक्शनरी: अर्थाआधी खालचं वाक्य वाचा

मी इंग्रजी सबटायटल्स मराठीत करते. पात्रं बहुतेक वेळा सतरा-अठरा वर्षांची, आणि त्यांची अर्धी भाषा छापील शब्दकोशात नसते. त्यामुळे काम करताना अर्बन डिक्शनरी, म्हणजे इंग्रजीतल्या बोलीभाषेच्या शब्दांचा (स्लँगचा) ऑनलाइन कोश, कायम उघडी असते.

ॲरन पेकम या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने 1999 मध्ये ही साइट सुरू केली. शब्द कुणीही टाकू शकतं, अर्थही कुणीही लिहू शकतं. वाचणारे अंगठा वर किंवा खाली करतात. एकाच शब्दाचे दहा-दहा अर्थ सापडतात, तेही एकमेकांशी न जुळणारे. नवख्या माणसाला हा पसारा वाटतो. मला मात्र त्यातच तिची खरी किंमत दिसते, कारण बोलीतला शब्द मुळात असाच असतो. चार जण चार तऱ्हांनी वापरतात आणि तरी एकमेकांना कळतो.

माझी पद्धत सांगते. अर्थाची ओळ मी नंतर वाचते. आधी त्याखालचं उदाहरणाचं वाक्य. कोण कुणाला बोलतंय, भांडतंय की चिडवतंय, हे तिथे कळतं.

‘सॉल्टी’ घ्या, शब्दशः ‘खारट’. एका प्रसंगात मैत्रीण नुकत्याच गेम हरलेल्या मुलाला विचारते, ‘अजून सॉल्टी आहेस?’ माझ्या हातात लगेच ‘खार खाऊन आहेस का’ आलं. मीठ आणि खार, जुळणी इतकी छान की मोह आवरेना. मग नोंदींखालची उदाहरणं वाचत गेले. कुणी सामना हरलंय, कुणाची मस्करी झालीय, कुणाला साधा नकार मिळालाय. राग तेवढ्यापुरता, लहानसा, आणि समोरच्याला तो बघून मजा वाटतेय. खार खाणं म्हणजे मनात धरून ठेवणं. इथे तसं काहीच नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘अजून झोंबतंय?’ दोनच शब्द, पडद्यावर सहज मावणारे, आणि मुलीच्या आवाजातली खोडीही त्यात उतरली.

उलट अनुभवही आहे. सुरुवातीच्या काळात भाषांतराच्या एका यांत्रिक टूलने ‘नो कॅप’चं ‘टोपी नाही’ केलं होतं आणि ते माझ्या नजरेतून निसटून फाइल पुढे गेली. मुलगा मित्राला जीव तोडून काहीतरी पटवत होता आणि खाली टोपी! फार वाईट वाटलं होतं. ‘कॅप’ म्हणजे थाप, म्हणून ‘नो कॅप’ म्हणजे ‘आईशप्पथ’. अर्बन डिक्शनरीत हे मिनिटभरात कळलं असतं.

तरी डोळे मिटून विश्वास टाकू नका. मतांनी वर आलेली नोंद लोकांना आवडलेली असते, ती बरोबर असेलच असं नाही. बऱ्याचदा विनोदी नोंदच वर जाते. माणसांच्या नावांखाली कौतुकाचे ढीग आहेत, त्यांचा कामाला उपयोग शून्य. शिवीगाळ, अश्लील आणि एखाद्या समाजाला हिणवणारा मजकूरही भरपूर आहे. लहान मुलांच्या हाती ही साइट देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. नोंदीखालची तारीख जरूर बघा. पंधरा वर्षांपूर्वीचा अर्थ आजच्या पात्राच्या तोंडी घातला, तर ते पात्र आपल्या काकासारखं बोलायला लागतं.

आणखी एक उणीव मला जास्त टोचते. शब्द कुठून आला, याची जबाबदारी इथे कुणावरच नाही. ‘कॅप’ हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आलेला शब्द, पण सगळीकडे तो ‘आजच्या पिढीचा शब्द’ म्हणून खपतो. ज्यांनी तो घडवला त्यांचं नाव पुसलं जातं. उगम हवा असेल, तर मी जोनाथन ग्रीन यांचा स्लँगचा कोश उघडते. 2010 मध्ये तो तीन खंडांत छापला गेला, आता ऑनलाइन फुकट वाचता येतो. त्यात प्रत्येक अर्थाला तारखेसह अवतरणं आहेत. तिथे शब्दाचं वय कळतं. पण गेल्या महिन्यात जन्मलेला शब्द तिथे शोधू नका, त्यासाठी अर्बन डिक्शनरीच.

पाचपैकी साडेतीन. निदान पाच नोंदी वाचायची तयारी असेल तरच वापरा. पहिलीच वाचून उठणार असाल, तर त्या वयाच्या एखाद्या मुलीला विचारलेलं बरं.