‘खेळाडूसारखं करिअर करा’ म्हणणारा कोर्स: एका माजी कबड्डीपटूचा रिव्ह्यू

सॉफ्टवेअरमधली नोकरी बदलू पाहणाऱ्यांची इंटरव्ह्यूची तयारी करून घेणारा हा कोर्स. आधी व्यवहाराचं. फी ४८ हजार, वर जीएसटी. शनिवार-रविवार सकाळी बाणेरला वर्ग, आठवड्यात दोन दिवस रात्री नऊनंतर ऑनलाइन सराव, शेवटी तीन मॉक, म्हणजे सरावाचे, इंटरव्ह्यू. संस्थेचं नाव लिहीत नाही. याच साच्यातले कोर्स आता पुण्यात पैशाला पासरी झालेत (फी सोडून), त्यामुळे जे लिहितेय ते बऱ्याच ठिकाणी लागू पडेल.

जाहिरातीत म्हटलं होतं की सॉफ्टवेअर इंजिनिअर हा व्यावसायिक खेळाडू असतो आणि त्यानं तसंच राहायला शिकलं पाहिजे. मी सांगली जिल्ह्याकडून आणि पुढे विद्यापीठाकडून कबड्डी खेळले, उजवी कोपरारक्षक. आता हिंजवडीत बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या पडद्यामागच्या भागाचं, काम करते. दोन्हीकडचं थोडंफार कळणारी बाई म्हणून उत्सुकता वाटली आणि नोकरीही बदलायची होती.

पहिल्या रविवारी पडद्यावर काय, तर प्रो कबड्डीतल्या खेळाडूंचा लिलाव. पवन सेहरावत, २०२२ मध्ये २ कोटी २६ लाख, पुढच्या वर्षी २ कोटी ६० लाखांच्या वर. खाली ठळक अक्षरात ‘तुमची बोली किती?’ मग सीटीसीची (कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण पगाराची) फोड, नोटीस पिरियडचा बायआउट (पैसे भरून लवकर सुटणं), एक ऑफर हातात ठेवून दुसरीकडे आकडा कसा वाढवायचा, जॉइनिंग बोनस परत करायची अट कुठे लपलेली असते, वगैरे. हे सगळं कामाचं होतं, खोटं कशाला बोलू. मागच्या वेळी नोकरी बदलताना एचआरनं विचारलं आणि मी सरळ हातातला पगार सांगून मोकळी झाले होते, तसं करायचं नसतं हे इथे नीट कळलं.

पण त्या लिलावाच्या खाली काय असतं, हे शिकवणाऱ्या सरांना माहीत नव्हतं. माझ्याबरोबर खेळलेल्या मुलींपैकी कुणी पोलिसात भरती झाली, कुणी रेल्वेत, एक जण सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून तलाठी झाली. नुसत्या कबड्डीवर घर चालवणारी एकही नाही. प्रो कबड्डीच्या जोडीनं २०१६ मध्ये बायकांची तीन संघांची स्पर्धा झाली होती, पुढच्या हंगामात ती दिसली नाही. राज्यातल्या पाचशेव्या कबड्डीपटूला खेळावर पोट भरता येत नाही आणि पुण्यातला पाच हजारावा इंजिनिअर वाकडच्या फ्लॅटचा हप्ता बिनबोभाट भरतो. आपल्या धंद्यातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच की मधल्या माणसालाही जागा आहे. ती सोडून मुलांना पहिल्या दहांच्या बोलीची स्वप्नं दाखवायची आणि मग ‘तुम्ही कुठे आहात बघा’ म्हणून घाबरवायचं, हा विक्रीचा डाव झाला. मी वर्गात हे बोलले. सर म्हणाले, ‘मॅडम, पॉझिटिव्ह राहू या.’

नंतर एका स्लाइडवर सौरभ नेत्रावळकर आला. येणारच होता. मुंबईचा मुलगा, २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, रणजी स्पर्धेत मुंबईकडून एक सामना, २०१५ मध्ये कॉर्नेलला कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेला, मग ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर. ६ जून २०२४ ला डॅलसजवळच्या मैदानावर त्यानं अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली. समोरच्यांना १९ धावा हव्या होत्या, १३ झाल्या. स्लाइडवर शेरा होता, ‘दोन्हीकडे एकच ॲटिट्यूड!’ मला त्या गोष्टीत ॲटिट्यूडपेक्षा पगार जास्त दिसतो. मुंबईत रणजीच्या संघात जागा टिकेना, तेव्हा डिग्री होती आणि पुढे नोकरीही मिळाली. त्या नोकरीच्या आधारावर क्रिकेट सुरू राहिलं आणि बत्तिसाव्या वर्षी तो दिवस उगवला. म्हणजे एका धंद्यानं दुसऱ्याला पोसलं. दोन्ही सारखेच असते तर पोसायची वेळ आलीच नसती.

आता कोर्सचा सगळ्यात वाईट भाग. रोज रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर गुणतक्ता पडायचा. सरावाचे प्रश्न कुणी किती सोडवले त्यानुसार पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं. खाली एक मुलगी कायम असायची, तिचं बाळ सात-आठ महिन्यांचं. वरचे दोघे उत्तरं कुठून उचलत होते ते अख्ख्या बॅचला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात ग्रुपवर ‘हा प्रश्न अडलाय, कुणी सांगेल का’ असं कुणी ना कुणी विचारायचं आणि तीन जण धावून यायचे. तक्ता सुरू झाल्यावर विचारणं बंद, सांगणं त्याहून बंद.

म्हणे खेळाडूसारखं! अहो, कबड्डीत सात जणी मैदानात असतात. मी कोपऱ्यात घोटा धरायचे, पण शेजारची साखळीतून आत आली नाही तर चढाईवाली मला ओढत मध्यरेषेपर्यंत नेणार. पकडीचा गुण बहुतेक वेळा एकीच्याच नावावर पडतो, पण रात्री जेवताना कोच दोघींनाही बोलायचा. आणि काही कोपरारक्षक अशा असतात की त्यांच्या बाजूला चढाई जातच नाही. त्यांच्या खात्यावर भोपळा, आणि संघ जिंकलेला. आमच्या ऑफिसात असा एक जण आहे. दुसऱ्यांचा कोड तपासतो, रिलीजच्या आधी दोन नेमके प्रश्न विचारतो, आणि त्या रात्री ऑन-कॉलवाल्याचा (बिघाड झाला तर उठायची पाळी ज्याची, त्याचा) फोन वाजत नाही. या तक्त्यात तो सगळ्यात खाली असता.

विश्रांतीवर तर अवाक्षर नाही. ‘पहाटे पाचला उठा, ऑफिसच्या आधी दोन प्रश्न सोडवा’, एवढंच. खेळाडू आठवडाभर सराव करतो आणि सामना मोजका खेळतो. आपल्याकडे रोज सामनाच असतो. रात्री तीनला प्रॉडक्शन (लोक वापरत असलेली सिस्टीम) बंद पडलं की त्यातच शिकायचं. असं काम करणाऱ्या माणसाला आणखी पहाटे उठवण्यापेक्षा ऑफिसच्या वेळेतच सरावाला जागा कशी काढायची, हे शिकवलं असतं तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि ‘पस्तिशीनंतर खेळाडू संपतो, तुमच्याकडेही वेळ कमी आहे’ ही स्लाइड तर काढूनच टाका. माझा गुडघा तेविसाव्या वर्षी गेला, डोकं अजून शाबूत आहे. १९६९ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणारे केन थॉम्पसन ‘गो’ ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्यांतही होते. २००९ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. चाळिशीतल्या इंजिनिअरला कंपन्या कमी करतात हे खरं, पण ते पगाराच्या आकड्यामुळे, गुडघ्यामुळे नव्हे. त्यावरचा उपाय वेगळा असतो.

एवढं झोडपूनही मी पैसे पूर्ण बुडाले म्हणत नाही, त्याचं कारण मॉक इंटरव्ह्यू. ते घेणारे काका (सगळे सर म्हणायचे, मला ते काकाच वाटले) आधी पेमेंटच्या सिस्टीम बांधलेले. आमचं रेकॉर्डिंग घेऊन दुसऱ्या दिवशी शेजारी बसून दाखवायचे. मला प्रश्न होता रेट लिमिटरचा, एका ग्राहकाला मिनिटाला शंभरच विनंत्या. मी दर मिनिटाला शून्य होणारा काउंटर लिहिला, थांबले, खोडला आणि दुसरंच लिहायला लागले. काकांनी तिथे पॉज केलं.

‘हे का खोडलंत?’

‘एकोणसाठाव्या सेकंदाला शंभर आणि मिनिट बदलल्यावर लगेच शंभर आल्या, तर दोन सेकंदांत दोनशे सुटतात.’

‘बरोबर. पण हे तुम्ही आत्ता मला सांगितलंत. काल समोरच्या माणसाला काय दिसलं? एक बाई गप्प बसली आणि लिहिलेलं पुसलं.’

चढाईत दम तुटला की पंच बाद देतात, मग तुम्ही ‘निदान रेषा’ (समोरच्यांच्या अंगणातली, चढाईत ओलांडायची रेषा) ओलांडलेली असो वा नसो. इंटरव्ह्यूतही तसंच आहे, बोलणं थांबलं की बाद, हे मला इतक्या वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. पुढच्या मॉकला मी खोडण्याआधी बोलत गेले. काकांनी मग फक्त आकडेमोडीवरून टोकलं: विनंत्या किती, एका ग्राहकामागे मेमरी किती, हे आधी फळ्यावर मांडा म्हणाले. मैदानावर आमचा कोच खेळ थांबवून पाय चार बोटं मागे घ्यायला लावायचा, हे तसंच काम. अख्ख्या कोर्समध्ये खेळासारखं काही होतं तर एवढंच, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नाही.

नुसते मॉक विकत मिळतील का, असं कोर्सच्या ऑफिसात विचारलं. ‘पॅकेज फोडता येत नाही’ असं उत्तर आलं. एसी चांगला, चहा पाणचट, पार्किंग नाही, दुचाकीनंच जा. रेकॉर्डिंग वर्षभर बघायला मिळतात असं सांगितलं होतं, लिंक सहा महिन्यांतच बंद पडली, दोनदा मेल केल्यावर परत सुरू झाली.

पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन काकांचे. फी भरण्याआधी तुमच्या बॅचचे मॉक कोण घेणार ते नावानिशी विचारा आणि मेलवर लिहून घ्या. काका आमच्या बॅचनंतर तिथून गेले असं कळलंय.