गाळाचा नमुना: ग्रॅबने काढावा की कोअरने?

गोव्यातल्या झुआरी-मांडवीच्या गाळात जुनी कीटकनाशके किंवा जहाजांच्या रंगातले टीबीटी (तळाला जीव चिकटू नयेत म्हणून घालत ते कथिलाचे विषारी संयुग) शोधायला निघालात, की हा प्रश्न येतोच: तळाचा चिखल जबड्यांत उचलणारा ग्रॅब घ्यावा, की चिखलात दाबून थरांसकट नमुना काढणारी नळी, म्हणजे कोअर? अवजारांची मापे-वजने पत्रकात मिळतील, त्यात शिरत नाही.

ग्रॅबचे गुण मान्य करायलाच हवेत. दोरीला बांधून सोडायचा, तळाला टेकला की जबडे मिटतात, ओढून घ्यायचा. एका भरतीत वास्कोपासून कुठ्ठाळीपर्यंत बरीच ठिकाणे उरकतात. नदीमुखाकडे तळ रेतीचा असतो, तिथे कोअरच्या नळीतून रेती सुळकन निसटते. तिथे ग्रॅबच घ्या.

माझे त्याच्याशी बिनसले ते शिंपल्यांपायी. जबड्यांत एखादे शिंपले अडकते, बोटभर फट राहते आणि वर येईपर्यंत गढूळ धार गळत राहते. होडीत चिखल भरपूर येतो, पण गळून जाते ते नेमके आपल्याला हवे असलेले. डीडीटी या कीटकनाशकासारखी संयुगे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती बारीक चिकणमातीला आणि तिच्यातल्या सेंद्रिय पदार्थाला धरून बसतात. हा मऊ, ताजा थर सगळ्यात वर असतो, म्हणून पहिल्यांदा तोच जातो. आकडा कमी येतो आणि का कमी आला, ते अहवालात कुठेच दिसत नाही. नमुना टाकून देऊन पुन्हा काढावा हे बरोबर, पण ओहोटी लागलेली असते, होडीवाला घाई करत असतो, आणि ‘चालेल हो’ म्हणत बरणी भरली जाते.

कोअर इथे लपवाछपवी करू देत नाही. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, कमी पाण्यात, नळी हाताने दाबता येते. तोंड बंद करून उचलली की चिखलावरचे पाणी नितळ दिसले पाहिजे. गढूळ असेल तर थर ढवळला, हे जागेवरच कळते.

शिवाय थर शाबूत राहतात. शेतीसाठी डीडीटीवर भारतात 1989 मध्ये बंदी आली, हिवतापासाठीची फवारणी मात्र चालू राहिली. डीडीटी मोडते तेव्हा हवा खेळत्या जमिनीत त्याचे बहुतेक डीडीई हे संयुग होते, प्राणवायू नसलेल्या चिखलात डीडीडी. टीबीटीच्या रंगांवर 2008 पासून जागतिक बंदी आहे, पण प्राणवायूविना चिखलात ते वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे जुना साठा खाली आणि नवी भर वर, हे वेगळे पाहता आले तरच अर्थ लागतो. ग्रॅबमध्ये सगळे कालवले जाते.

अर्थात कोअर खर्चिक. नळीतल्या चिखलाचे थराथराने काप करायचे, आणि प्रत्येक काप म्हणजे प्रयोगशाळेचे वेगळे बिल. खारफुटीची मुळे नळी अडवतात. खेकडे आणि किडे चिखल वरखाली करतात, त्यामुळे प्रत्येक सेंटिमीटरला साल चिकटवायला जाऊ नका. नदीभर नकाशाच काढायचा असेल तर ग्रॅबला मी नको म्हणणार नाही. पण एकाच वाड्याच्या खाजनाची शंका असेल, तर ग्रॅबच्या ढीगभर बरण्यांपेक्षा तीन-चार कोअर मला जास्त भरवशाचे वाटतात. पैसे कमी असतील तर सगळे काप न तपासता वरचे दोन आणि तळाचा एक पाठवा, बाकीचे गोठवून ठेवा. नळीच्या कडेला घासलेला चिखल खरवडून टाका, मधलाच घ्या आणि बरण्या काचेच्याच वापरा.