तुर्तुकचे जर्दाळू : काळपट दिसले म्हणून परत पाठवू नका

आधी मालाचं सांगतो, बाकीचं ज्याला वाचायचंय त्यानं पुढं वाचावं. लडाखातल्या तुर्तुक गावचे बिया काढून वाळवलेले जर्दाळू अर्धा किलो, बियांसकट पाव किलो, बीच्या आतले बदाम दोनशे ग्रॅम आणि त्याच बदामाच्या तेलाची एक छोटी बाटली असं मागवलं होतं, सगळं मिळून साडेतेराशेच्या आसपास गेले. जर्दाळूला पाचपैकी पाच, बदामाला साडेचार, तेलाला साडेतीन, पॅकिंगला दोन, कारण तेलाचं झाकण सैल होतं आणि खोक्याचा एक कोपरा पूर्ण तेलकट होऊन आला.

डिलिव्हरीला अकरा दिवस लागले. यात विकणाऱ्याचा दोष नाही, लडाखमधून निघालेलं पार्सल आठव्या दिवशी बेळगावात पोचलं होतं, पण तिथनं ते आमच्या गावाला यायच्या ऐवजी कुरिअरवाल्यानं महाराष्ट्रातल्या चंदगडला पाठवलं. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, अगदी हद्दीवर, मागच्या शेतात उभं राहिलं की मोबाईलवर महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज येतो, त्यामुळं ऑनलाईन पत्ता टाकताना राज्याच्या खान्यात कधीकधी आपोआप महाराष्ट्र येतंय आणि घाईत ते बदलायचं राहून जातंय. या भागातल्या लोकांनी ऑर्डर करताना ते एकदा बघून घ्या, तीन दिवस वाचतील.

आता रंगाचं. पाकीट उघडल्यावर बायको म्हणाली, अहो हा जुना माल खपवलाय तुम्हाला, परत करा. कारण आपल्याला रविवार पेठेत मिळतात ते केशरी, चकचकीत, मऊ जर्दाळू बघायची सवय. हे तपकिरी, काही तर खारकेसारखे काळपट, सुरकुतलेले. पण तो केशरी रंग टिकतो तो गंधकाची धुरी दिल्यामुळं. धुरी न देता नुसत्या उन्हात, घरांच्या धाब्यांवर आणि खडकांवर पसरून वाळवलं की जर्दाळू असाच काळा पडतो. खाऊन बघा म्हंजे फरक कळेल. पहिल्यांदा आंबट लागतो, चावत राहिलं की गोडी सुटते आणि ती बराच वेळ जिभेवर राहते. साखरेचा पाक नाही, हाताला चिकट लागत नाही. दात मजबूत असतील तर तसाच खा, नाहीतर रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी फुगून लोण्यासारखा होतो आणि ते पाणी टाकू नका, तेच सगळ्यात चांगलं लागतं.

हे पाण्याचं मला बाबांनी सांगितलं. खरंतर हे मागवलंच बाबांसाठी. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आमच्या भागात घरटी एक माणूस तरी फौजेत असतोच, आणि १९९० नंतरच्या काळात त्यांची काही वर्षं नुब्रा खोऱ्यात परतापूरच्या बाजूला गेली, तिथनं पुढं तुर्तुकपर्यंत. मोबाईलवर मला तुर्तुकचे जर्दाळू दिसले आणि नाव ओळखीचं वाटलं म्हणून ऑर्डर केली. पाकीट त्यांच्या हातात दिलं तर एक जर्दाळू तोंडात टाकला आणि म्हणाले, "चुली." तिकडं याला चुली म्हणतात. मग एवढ्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते बोलत बसले, सोप्यात, रात्री साडेअकरापर्यंत.

तुर्तुक म्हंजे लेहपासून खारदुंग ला ही खिंड ओलांडून दोनशे किलोमीटरच्या पुढं, श्योक नदीच्या काठावर. लडाखात असलं तरी तिथं राहणारी माणसं बाल्टी, मुसलमान, भाषा बाल्टी. फाळणीच्या आधी हा सगळा भाग एकच होता, जम्मू-काश्मीर संस्थानाचा लडाख वजारत म्हंजे जिल्हा, त्यात लेह, कारगिल आणि स्कार्दू अशा तीन तहसिली, आणि कचेरी अर्धं वर्ष लेहला अर्धं वर्ष स्कार्दूला. १९४७-४८ च्या लढाईनंतर शस्त्रसंधीची रेषा ओढली तेव्हा स्कार्दू गेलं पलीकडं आणि तुर्तुकही पलीकडं. मग डिसेंबर १९७१. मेजर चेवांग रिंचेन, ज्यांना १९४८ मध्ये कोवळ्या वयात महावीर चक्र मिळालं होतं, त्यांनी लडाखी जवान घेऊन हिवाळ्यात चालुंका, तुर्तुक, त्याक्षी, थांग ही गावं घेतली आणि त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. पुढच्या वर्षी सिमला करार झाला, नियंत्रण रेषा ठरली, आणि ही गावं भारतात राहिली. ही रेषा आजही नियंत्रण रेषाच आहे, पक्की ठरलेली आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे, पण तिथल्या माणसाच्या दृष्टीनं दोन देशच.

फौजेच्या बाजूनं ही मोठी कामगिरी आणि बाबा ती अभिमानानंच सांगतात. पण त्यांच्या डोक्यात जे बसलंय ते वेगळंच आहे. त्या डिसेंबरात गावातली बरीच माणसं गावात नव्हतीच. कुणी स्कार्दूला कामाला, कुणी शिकायला, कुणी लाहोर-कराचीला मजुरीला. हिवाळा संपला की यायची होती. ती परत येऊच शकली नाहीत. नवरा तिकडं बायको इकडं, आई इकडं पोरगा तिकडं. बाबांना एक म्हातारा रोज भेटायचा, त्याचा धाकटा भाऊ असाच राहिलेला. त्याला बाबा विचारायचे काय खबर, तर तो खिशातनं एकच पत्र काढून दाखवायचा, प्रत्येक वेळी तेच, घड्या पडून फाटायला आलेलं. आणि वर बाबांच्या हातात मूठभर चुली कोंबायचा, नाही म्हटलेलं चालायचं नाही. बाबांना बाल्टी येत नव्हती, त्याला मराठी येत नव्हती, मोडक्या हिंदीत चालायचं. एवढंच सांगून बाबा थांबले, उठून पाणी पिऊन आले, मग परत सुरू.

थांग हे इकडचं शेवटचं गाव. तिथनं समोर फ्रानू दिसतं, तिकडचं. घरं दिसतात, शेतं दिसतात. कुणाचा तरी मामा किंवा बहीण तिथं आहे, आणि तिला भेटायचं तर २०२५ मध्ये वाघा बंद होईपर्यंत व्हिसा काढून, दिल्ली गाठून, वाघ्यावरनं लाहोर, तिथनं वर डोंगरात, असा हजारो किलोमीटरचा वळसा होता, तोसुद्धा दोन्ही सरकारांनी परवानगी दिली तर. कारगिल-स्कार्दू जुना रस्ता बंदच आहे. काहींची भेट हजला गेल्यावर झाली म्हणतात. बाहेरच्या माणसांना तुर्तुकला जायला परवानगी मिळाली तीच २०१० मध्ये, त्याआधी बाबांसारखे फौजी सोडले तर बाहेरचं माणूस फारसं कुणी बघितलेलं नाही त्या गावानं. आता होमस्टे झालेत, लोक पूल ओलांडून वस्तीत फिरतात, दगडातनं गार वारा येणारी कोठारं बघतात, नांगचुंग म्हणतात त्याला, लोणी-मटण ठेवायचं घरगुती फ्रीज. बाबांनी त्यातलं लोणी खाल्लंय.

मला हे ऐकताना सारखी आमची आत्ती आठवत होती. बाबांची धाकटी बहीण, दिलीय शिनोळीच्या पुढं, चंदगड तालुक्यात, आमच्या घरापासनं पंधरा किलोमीटर. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी तो तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात बेळगाव जिल्हा 'चंदगड तालुका वगळून' म्हैसूर राज्याला, म्हंजे आताच्या कर्नाटकाला, एवढ्या तीन शब्दांनी तो कोल्हापूरकडं गेला आणि आम्ही इकडं. आमची एक पट्टी हद्दीच्या पलीकडं आहे, तिचा सातबारा मराठीत येतो, घराजवळच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये, आजोबांना शेवटपर्यंत दुसऱ्याकडनं वाचून घ्यावा लागला. त्या दुःखाला मी कमी म्हणणार नाही, सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सुप्रीम कोर्टातला दावा, हे आमच्या घरात जेवताना निघणारे विषय आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतंच. पण आत्तीला ताप आला की बाबा गाडीला किक मारून अर्ध्या तासात तिच्या दारात असतात. हद्दीवरच्या बाचीपाशी कुणी अडवून पासपोर्ट विचारत नाही. रताळी काढायला तिकडची माणसं इकडं येतात, इकडची तिकडं जातात, लग्नं दोन्हीकडं होतात. हे मी आजवर गृहीतच धरलं होतं. त्या रात्री बाबा म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला एवढं जरी मिळालं असतं ना." त्यावर मला काय बोलायचं ते सुचलं नाही.

असो, मालाकडं येतो. बीच्या आतल्या बदामाचं नीट वाचा. जर्दाळूच्या दोन जाती असतात, एकाचं बी कडू आणि एकाचं गोड. लडाखात पांढऱ्या बीचा एक जर्दाळू होतो, रक्त्से कारपो, त्याचं बी गोड असतं, त्याला २०२२ मध्ये जीआय म्हंजे भौगोलिक मानांकन मिळालंय, लडाखचं ते पहिलं जीआय. माझ्या पाकिटातले गोड होते, खरंच आपल्या बदामासारखे, पण लहान आणि जरा जास्त वासाचे. मात्र दोनशे ग्रॅममध्ये तीन-चार कडू निघाले. कडू लागला की थुंकून टाका, त्यात पोटात गेल्यावर सायनाइड तयार होणारा घटक असतो, म्हणून पोरांच्या हातात पाकीट देऊ नका, आपण एकेक बघून द्या. यासाठीच अर्धा गुण कापला. बियांसकट जे घेतलेत ते पाट्यावर वरवंट्यानं फोडले, काजू फोडणाऱ्या घरातल्या बायकांना हे शिकवायला लागत नाही.

तेल चांगलं आहे, वास बदामाचा, बाबा गुडघ्याला लावतात आणि बरं वाटतंय म्हणतात, पण त्या बाटलीच्या किमतीला निम्मं सांडलेलं आलं. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्यानं न कुरकुरता पुढच्या वेळी जादा बाटली देतो म्हटलं, बघू.

स्वयंपाकात दोन गोष्टी करून बघितल्या. भिजवलेले जर्दाळू गूळ, मिरची आणि थोडं जिरं घालून शिजवले, भाकरीबरोबर झकास, आंब्याच्या मेथांब्याची आठवण होते. दुसरं बायकोनं शेंगदाण्याच्या लाडवात बारीक चिरून घातले, ते लाडू चार दिवसांनी कडक झाले, ते काय जमलं नाही. शिऱ्यात घालायचे राहिलेत.

घेताना एवढंच बघा की पाकिटावर गावाचं नाव आहे, गंधक नाही असं लिहिलंय, आणि माल त्याच वर्षीचा आहे. तिकडं फळ जुलै-ऑगस्टमध्ये उतरतं, त्यामुळं ऑक्टोबरनंतर मागवलेलं ताजं मिळतं. केशरी रंगाचं कुणी तुर्तुकचं म्हणून विकत असेल तर मी घेणार नाही.

पाकीट फोडलं त्याच आठवड्यात बाबांनी स्टीलच्या डब्यात निम्मे जर्दाळू भरले आणि स्वतः आत्तीकडं नेऊन दिले. मी नेतो म्हटलं तर ऐकेनात. आत्तीनं पहिला खाऊन "दादा, हे काय वाळलेलं आणलंस रे" म्हटलं म्हणे, आणि मग दोघं मिळून ओट्यावर बसून पाव डबा संपवला. काल तिचा पोरगा बाजाराला आला होता, डबा परत देऊन गेला. रिकामा डबा कुणी परत देत नाही आमच्यात, आत भाजलेले काजू होते, त्यांच्याच झाडाचे. बाबांनी काजू परातीत ओतले, डबा पुसून फळीवर ठेवला आणि मला म्हणाले अजून एक किलो मागव, या वेळी बियांसकट. पत्ता मी दोनदा तपासला.