रिटर्नचे पैसे घेतले, परतीचं तिकीट काढलंच नाही

मुलाकडे सहा महिने राहायला अमेरिकेला निघालेले आई-वडील या फसवणुकीत हमखास सापडतात. ओळखीच्या एजंटकडे रिटर्नचे पूर्ण पैसे भरलेले असतात. हातातल्या छापील कागदावर जाण्याची-येण्याची दोन्ही विमानं असतात आणि दोन्हींपुढे ‘कन्फर्म्ड’ लिहिलेलं असतं. जाणं सुरळीत होतं. परतीच्या दिवशी मात्र बॅगा घेऊन काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं की आपल्या नावाचं तिकीटच नाही. मग त्या दिवशीचं वन-वे मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं.

कागद खोटा नसतो, म्हणूनच माणूस फसतो. सहा अक्षर-आकड्यांचा पीएनआर ही नुसती आरक्षणाची नोंद असते. एजंटला ती पैसे न भरताही करता येते आणि तोवर ‘कन्फर्म्ड’च दिसते. मुदतीत तिकीट निघालं नाही की जागा आपोआप सुटते. एजंट जाण्याचं तिकीट खरं काढतो, परतीची जागा रोखून तिची प्रिंट देतो आणि बाकीची रक्कम फिरवतो. पुढे भाव उतरला की काढू, असा त्याचा हिशेब असतो. भाव चढला की तो फोन उचलत नाही.

दुसरी युक्ती ‘दोन वन-वे स्वस्त पडतात’ या सल्ल्यातून येते. देशातल्या प्रवासाला आणि स्वस्त विमान कंपन्यांत रिटर्न म्हणजे बहुधा दोन वन-वेची बेरीजच, तिथे हा सल्ला ठीक आहे. मुंबईहून अमेरिका-युरोपला जाणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं असतं. समजा रिटर्न 90 हजारांना असेल, तर नुसतं जाण्याचं 60 हजारांना असू शकतं. तिथे त्याच कंपनीची दोन वन-वे कुणी स्वस्तात देऊ लागला, तर आधी शंका घ्या. वेगळं काढलेलं परतीचं तिकीट एजंट तुमच्या नकळत रद्द करू शकतो, आणि रिफंड ज्या खात्यातून पैसे भरले तिथे, म्हणजे त्याच्याकडेच जातो. एकाच तिकिटावरच्या रिटर्नमध्ये जाण्याचा प्रवास झाल्यावर कंपनी तो बहुधा वन-वेच्या दराने कापते. उरतं थोडं, त्यामुळे रद्द करण्यात एजंटला फारसा लाभ नसतो. लांबच्या प्रवासाला दोन-तीन हजार जास्त पडले तरी एकाच कंपनीचं रिटर्न घ्यावं, असं आम्ही ठामपणे सांगतो. फक्त जाण्याचं विमान चुकवू नका. ते चुकलं की परतीचंही रद्द होतं.

कागदावर पीएनआर नको, ई-तिकीट नंबर शोधा. मोठ्या कंपन्यांत तो 13 आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडियाचे 098, एमिरेट्सचे 176. एका नंबरवर चार विमानं बसतात, म्हणजे मुंबई-फ्रँकफर्ट-शिकागो आणि तसंच परत. मग विमान कंपनीला स्वतः फोन करून विचारा, ‘परतीची कूपनं ओपन आहेत का?’ म्हणजे परतीच्या प्रत्येक विमानाचं तिकीट अजून वापरण्याजोगं आहे का. हे दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, कारण काढलेलं तिकीट एजंटला त्याच दिवशी व्हॉइड, म्हणजे रद्दबातल, करता येतं. पोहोचल्यावर एकदा विचारा, परत निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा.

बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. एजंटने स्वतःचा टाकला असेल, तर रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच जातो. कार्डाने पैसे भरलेत तर स्टेटमेंटवर कुणाचं नाव आलंय ते बघा. विमान कंपनीचं नसेल, तर पैसे एजंटकडेच थांबलेले असू शकतात.

फसवणूक कळली की मूळ कागद, पावती आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी जपून ठेवा. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ग्राहक म्हणून तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर होते, आणि पोलिसांत लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.