स्मृतिभ्रंश झालेल्या आई-बाबांचा व्यायाम: खुर्चीत बसून, ओटा धरून की सकाळचं फिरणं?

"बाबांना रोज फुटाळा तलावाला एक चक्कर मारून आणा," असं नागपुरातला एक नातेवाईक सांगतो. दुसरा म्हणतो, "पडले म्हणजे? खुर्चीतच हातपाय हलवू द्या." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. निवड करण्याआधी एकच गोष्ट नीट पाहा: माणूस खुर्चीतून कसा उठतो.

साधारण १७ इंच उंचीची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी करून पाच वेळा उठायला आणि बसायला सांगा. तुम्ही बाजूला अगदी जवळ उभे राहा. हात न लावता जमलं तर तिन्ही प्रकार खुले आहेत. हातांनी रेटून उठावं लागत असेल, तर खुर्ची आणि ओटा रोज, आणि फिरणं कोणीतरी सोबत असेल तेव्हाच. कोणी उचलल्याशिवाय उठताच येत नसेल, तर सध्या फक्त खुर्ची. फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवा. नागपूरच्या मेडिकलमध्येही, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, हा विभाग आहे.

आणखी एक तपासणी घरच्या बीपी मशीनवर होते. पाच मिनिटं पडून राहिल्यावर बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर उभ्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत आणि बीपीच्या काही गोळ्यांनी हे बऱ्याचदा होतं. स्मृतिभ्रंशावर दिली जाणारी डोनेपेझिल ही गोळी चालू असेल तर नाडीही बघा, कारण तिने नाडी मंदावू शकते.

व्यायामाने स्मरणशक्ती परत येईल, ही आशा मात्र ठेवू नका. इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. व्यायामाच्या गटाला चार महिने, आठवड्यातून दोनदा, चांगला दमवणारा व्यायाम दिला होता. त्यांची शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. म्हणून फायदा मोजायचा तो संडासातून स्वतः उठता येणं, ब्लाउजच्या बाहीत हात घालता येणं, पलंगावर कूस बदलता येणं यावर. सांभाळणाऱ्याची कंबर वाचते तीही याच गोष्टींनी.

खुर्ची काय देते, काय देत नाही

पडण्याचा धोका सर्वांत कमी, हा उघड फायदा. त्याहून मोलाचं म्हणजे तुम्ही समोर बसता, आणि माणूस ऐकून नाही तर बघून करतो. शब्द कळेनासे झाले तरी नक्कल बराच काळ टिकते. खांदे, कोपर, घोटे मोकळे राहतात, पायांत साचलेली सूज थोडी उतरते. एप्रिल-मेच्या ४५ अंशांतही व्यायाम बंद पडत नाही. पण तोल सुधारत नाही, हाडांवर शरीराचा भार पडत नाही आणि सकाळचा उजेड मिळत नाही. उभं राहू शकणाऱ्याला कायम खुर्चीत ठेवलं, तर काही आठवड्यांतच मांड्या बारीक होतात. पडण्याच्या भीतीपोटी घरोघरी होणारी ही चूक सगळ्यात महागात पडते.

खुर्ची लाकडी, हात असलेली, चार भक्कम पायांची घ्या. हलकी प्लास्टिकची खुर्ची टाइल्सवर सरकते आणि तिचे पाय फाकतात. सोफ्यात माणूस रुततो. पाय टेकत नसतील तर खाली रबरी चटई घालून पाट ठेवा, उठण्याआधी दोन्ही काढून घ्या. निऱ्या घोट्याच्या वर खोचा. हवाई चप्पल किंवा नुसते मोजे नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. टीव्ही बंद.

पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मान फक्त डावी-उजवीकडे वळवा, गोल फिरवू नका. मग खांदे, मग टाचा टेकवून पंजे वर आणि पंजे टेकवून टाचा वर, दहा-दहा वेळा. एकेक पाय सरळ करून तीन आकडे मोजेपर्यंत धरायचा, दोन्ही बाजूंना आठ वेळा. बसल्या जागी कदमताल वीस पावलं. शेवटी पुढे सरकून, पावलं मागे घेऊन, तीन ते पाच उठबशा. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, हे शेवटचं सोडू नका.

"उजवा हात खांद्याच्या रेषेत वर घ्या" या वाक्यावर गाडी अडते. "आई, ताक घुसळ" म्हटलं की दोन्ही हात आपोआप चालतात. कणीक मळणं, ओला नॅपकिन पिळणं, खंजिरी भजनाच्या ठेक्यावर टाळ्या, फुगा टोलवणं ही सगळी खरीच कसरत आहे. हातांची जुनी सवय नावं विसरल्यानंतरही शाबूत असते.

एका वेळी एकच सूचना द्या आणि दहा सेकंद थांबा. घाईत दुसरी सूचना दिली की गोंधळ होतो, गोंधळातून राग येतो. रागावले तर विषय सोडा, अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. आकडे मोठ्याने मोजायला लावा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. हाडं ठिसूळ असतील तर जमिनीकडे वाकणं टाळा, खुब्याचा सांधा बदललेला असेल तर सर्जनच्या मर्यादा पाळा. जेवणावर लगेच नको. संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल तर सकाळची वेळ धरा.

ओटा

हा मधला मार्ग फार कमी घरांत वापरला जातो. स्वयंपाकाचा ओटा हलत नाही, म्हणून आधाराला उत्तम. दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणं, एकेक पाय बाजूला नेणं, आठ-दहा वेळा. मागे खुर्ची ठेवा. दाराचं हँडल किंवा टॉवेलचा दांडा आधार म्हणून चालत नाही.

फिरणं

तोल, दम आणि रात्रीची झोप या तिन्हींसाठी फिरणं सरस. सकाळच्या उजेडाने दिवस-रात्रीचं घड्याळ ताळ्यावर यायला मदत होते. नागपुरात त्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही ऊन वर आल्यावर. गल्लीतले सिमेंट रस्ते घरांपेक्षा उंच झालेले असतात आणि कडेची ती पायरी लक्षात येत नाही. त्यापेक्षा एखाद्या उद्यानातली सपाट वाट बरी. हात ओढू नका, तुमचा दंड धरायला द्या आणि वाहनांच्या बाजूने स्वतः चाला. चालताना प्रश्न विचारू नका, कारण उत्तर शोधताना पाऊल चुकतं. बोलायचं असेल तर थांबून बोला. खिशात नाव-फोनची चिठ्ठी रोज हवी. उन्हाळ्यात फिरायचंच तर सातच्या आत परत या. या वयात तहान उशिरा कळते, म्हणून मागायची वाट न बघता आधी आणि नंतर पाणी द्या. हृदय-किडनीच्या रुग्णांचं पाण्याचं प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढंच.

आमचा कौल असा: हिवाळ्यात फिरणं आणि ओटा, उन्हाळ्यात खुर्ची आणि ओटा, पावसाळ्यात रस्ता कोरडा असेल तसं. आणि खुर्चीतल्या उठबशा बाराही महिने.

छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटून चेहरा पांढरा पडला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. दर रविवारी ३० सेकंदांत किती वेळा उठता आलं, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. आकडा महिन्यांमागे हळूहळू उतरणं आजाराचं असू शकतं. पण एका आठवड्यात आठावरून चारावर आला किंवा गोंधळ एकाएकी वाढला, तर लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं किंवा नवी गोळी यांचा संशय घ्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.