एचआरटी चालू असताना: चालणं की वजनं उचलणं?

एचआरटीने, म्हणजे रजोनिवृत्तीच्या (पाळी जाण्याच्या) काळात घेतात त्या हार्मोन्सच्या औषधांनी, वजन वाढतं, असं सर्रास म्हटलं जातं; तसा ठोस पुरावा नाही. सुरुवातीला काहींना अंगात पाणी धरल्यासारखं, पोट फुगल्यासारखं वाटतं, इतकंच. पण ही वजन उतरवायची औषधंही नव्हेत.

चालणं सोपं, मनालाही बरं. आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. मात्र या वयात स्नायू झिजतात आणि बसल्या जागी खर्च होणाऱ्या कॅलरीही घटतात. ती झीज नुसत्या चालण्याने फारशी थांबत नाही. तिथे आठवड्यातून दोनदा डंबेल्स उचलणं सरस, हाडांनाही फायदा. एकच निवडायचं तर मी डंबेल्स घेईन. वजनकाटा कदाचित ढिम्म राहील, पण कमरेचा पट्टा एक भोक आत जाऊ शकतो.