लाइट गेली तरी मीटिंग चालू: राउटरच्या मिनी यूपीएसचं परीक्षण

सोलापुरात बसून अमेरिकेतल्या कंपनीचं काम करणाऱ्याचा दिवस वळवाच्या पावसाच्या वेळेलाच सुरू होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०. एप्रिल-मेमध्ये दिवसभर ऊन तापल्यावर नेमकं त्याच सुमारास वारं सुटतं, धुळीचा लोट येतो आणि लाइट जाते. लंडनचे ९ तेव्हा आपल्याकडे दुपारी १:३० ला आणि बर्लिनचे १२:३० ला वाजतात, म्हणजे त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांची संध्याकाळही यातून सुटत नाही.

लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर तो तीनेक तास काढतो. बंद पडतो तो राउटर. लाइट दोन मिनिटांत परत आली तरी राउटर उठायला दोन-तीन मिनिटं, व्हीपीएनचं (कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित जोडणीचं) लॉगिन नव्याने, मोबाइलवर येणारा कोड टाकणं, आणि अर्धी चढलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून. पलीकडच्या माणसाला आपल्या गल्लीतला अंधार दिसत नाही, त्याला तुमचं नाव ऑफलाइन झालेलं दिसतं. दीड-दोन हजारांचा मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, हे थांबवतो. घरून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्याने लॅपटॉपनंतर पहिली घ्यावी ती हीच वस्तू, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त ती डोळसपणे घ्यायला हवी.

वस्तू साधी आहे. वहीएवढ्या किंवा त्याहून लहान डब्यात लिथियमचे दोन-चार सेल असतात. तो अॅडॉप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसतो आणि १२ व्होल्टचा डीसी करंट देत राहतो. लाइट जाताना राउटरवरचा दिवा लुकलुकतसुद्धा नाही. इन्व्हर्टरचं तसं नाही. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदल होताना जो झटका बसतो, तेवढ्यात राउटर रिस्टार्ट होतो. मागचं बटण यूपीएस मोडवर टाकलं तर फरक पडतो, पण प्रत्येक राउटर तेवढंही सहन करत नाही. म्हणून घरात इन्व्हर्टरची १५० एएचची मोठी बॅटरी असली तरी मध्ये मिनी यूपीएस असावा. झटका तो झेलतो आणि पुढचे काही तास इन्व्हर्टर त्याला चार्ज ठेवतो.

सगळ्यात मोठी फसगत बॅकअपच्या आकड्यात होते. डब्यावर ८,८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेलं असतं. राउटर १ अँपिअरचा, म्हणजे जवळजवळ नऊ तास, असा हिशेब गिऱ्हाईक मनात मांडतं. पण हा आकडा बहुतेक वेळा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो आणि राउटर चालतो १२ व्होल्टवर. खरा हिशेब असा: ८,८०० एमएएच म्हणजे ८.८ अँपिअर-तास, ८.८ गुणिले ३.७, म्हणजे साधारण ३२.५ वॉटतास. व्होल्टेज वाढवताना १५-२० टक्के वाया जातात, हातात राहतात २६-२७. वायफायसकट फायबरचा एकच डबा (ज्याला घरात आलेली फायबरची वायर जोडतात तो) ८ वॉटच्या आसपास खात असेल तर सव्वातीन तास मिळतात. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल, दोन्ही मिळून १४ वॉट जात असतील, तर दोन तासांच्या आत खेळ संपला. दुकानात एमएएच विचारू नका, वॉटतास विचारा. लिहिलेले नसतील तर सेल किती आणि कितीचे, ते विचारून स्वतः गुणाकार करा.

काही स्वस्त डब्यांत तीन सेल एकामागे एक जोडून सरळ आउटपुट दिलेलं असतं. भरलेले असताना ते १२.६ व्होल्ट देतात, उतरत उतरत १० च्या खाली येतात. काही राउटर त्याआधीच रिस्टार्ट व्हायला लागतात, आणि बॅटरी शिल्लक असूनही मीटिंग तुटते. आउटपुट शेवटपर्यंत १२ व्होल्ट स्थिर राहतं का, हे विचारणं म्हणूनच महत्त्वाचं.

आता पिन. राउटरची पिन बहुतेकदा ५.५ बाय २.१ मिलिमीटरची असते, पण ५.५ बाय २.५ ची पण मिळते, आणि काही फायबरच्या डब्यांना त्याहून बारीक लागते. २.५ ची पिन २.१ च्या जागी बसते, पण सैल. टेबलाला जरा धक्का लागला की राउटर बंद, आणि दोष जातो यूपीएसच्या नावावर. सोलापूरच्या नवी पेठेत यूपीएस घ्यायला जाताना घरचा अॅडॉप्टर काढून सोबत न्या आणि तिथेच पिन लावून बघा. अॅडॉप्टरवर १२ व्होल्टच आहेत ना, आणि त्यावरच्या चित्रात गोलाच्या मधल्या टिंबाकडे अधिकचं चिन्ह आहे ना, हेही तिथेच बघा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात. त्याला १२ दिले तर राउटर जळू शकतो.

ज्या मॉडेलमध्ये राउटरचाच जुना अॅडॉप्टर वापरावा लागतो, तिथे आणखी एक अडचण येते. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या अॅडॉप्टरमधलं बरंचसं राउटरच खातो, चार्जिंगला उरतं थोडं. मग लाइट असूनही डबा पूर्ण भरत नाही, आणि एका संध्याकाळी दोनदा लाइट गेली की दुसऱ्या वेळी तो लगेच मान टाकतो. स्वतःची २३० व्होल्टची वायर असलेलं मॉडेल घ्या, नाहीतर २ अँपिअरचा अॅडॉप्टर जोडा.

सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी मात्र कंपन्यांच्या माहितीपत्रकात काही नसतं. लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश. पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी हवाच चाळिशीपर्यंत गेलेली असते. त्यात डबा राउटरखाली, टीव्हीच्या बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवला की मर्यादा कधीच ओलांडली जाते. चांगल्या डब्यात सेन्सर असतो, तो चार्जिंग थांबवतो. नसेल तर सेल फुगतात. डबा भिंतीला, राउटरपासून वीतभर लांब, कमरेच्या उंचीवर लावा. झाकण फुगलेलं किंवा वास येतोय असं वाटलं तर वापर त्याच क्षणी बंद करा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, घरात रात्रभर चालू राहणारी वस्तू आहे ही. उन्हाळ्याचे दोन हंगाम गेले की बॅकअप जाणवेल इतका घटतो. महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी प्लग काढून किती वेळ चालतं ते मोजत जा.

आणि पैसे देण्याआधी केबलवाल्याला एक फोन करा. तुमच्या घरापासून त्याच्या ऑफिसपर्यंत नुसती फायबर आणि वीज न लागणारा स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारा) असेल, आणि त्याच्या ऑफिसात बॅकअप असेल, तर गल्लीत अंधार असला तरी नेट चालू राहतं. पण मधल्या एखाद्या दुकानात किंवा जिन्याखाली त्याने विजेवर चालणारा स्विच (नेट पुढे घरोघरी वाटणारं यंत्र) बसवला असेल, तर तिथली लाइट गेल्यावर तुमचा राउटर दिमाखात चालू राहील आणि नेट मात्र नसेल. याची खूण सोपी आहे: लाइट गेल्यावर फायबरच्या डब्यावरचा पॉन (PON) लिहिलेला दिवा हिरवाच राहिला तर लाइन ठीक, लॉस (LOS) लिहिलेला दिवा लाल झाला तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. राउटरला फायबरऐवजी नुसती लॅनची वायर येत असेल तर मध्ये असा स्विच आहेच असं समजा. तिथे यूपीएस घेण्याआधी लाइन बदलून घ्या.

मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच की, असं कुणी म्हणेल. लाइट गेल्यावर अख्खी गल्ली मोबाइल डेटावर येते, आणि नेटवर्क बदललं की व्हीपीएन बहुतेकदा तुटतो. ज्या कंपन्या ठरावीक आयपी पत्त्यावरूनच (नेटच्या जोडणीला मिळणारा क्रमांक) आत घेतात, त्यांच्याकडे हॉटस्पॉट चालतच नाही.